खानदेशातील कोरीव काष्ठकाम आणि आजचे यंत्र

'सुतार' हा शब्द संस्कृतातील 'सूत्रधार' या शब्दापासून आला, असे व्युत्पत्ती सांगणारे मानतात. लाकडावर सूत धरून रेघ मारणारा तो सूत्रधार. करवत, वाकस, रंधा आणि पटाशी ही सारी हत्यारे मागाहून येतात. प्रथम येते ते सूत, आणि सुताच्याही आधी येते ते मनातील माप. आपल्या ज्ञातीच्या नावातच साठविलेला हा अर्थ ध्यानात ठेवून प्रस्तुत लेख वाचावा, अशी वाचकांस विनंती आहे.

अलीकडे ज्ञातिबांधवांच्या बैठकींतून एक तक्रार पुष्कळदा कानी येते. संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कोरीव कामाचे यंत्र, ज्यास सर्वत्र 'सीएनसी' या आद्याक्षरांनीच ओळखले जाते, ते खानदेशात आले आणि त्याने सुताराच्या हातची कोरणी काढून घेतली, असे वडीलधारी मंडळी खेदाने बोलतात. चार माणसांनी महिनाभर खपून जे दार घडवावे, ते यंत्र दोन-तीन दिवसांत कोरून मोकळे होते, हे खरे आहे. तेव्हा ही खंत समजण्यासारखी आहे. तथापि खंत हा इतिहास नव्हे. कोरणी हातातून केव्हा सुटली, कोणत्या कारणांनी सुटली, आणि यंत्र आले तेव्हा त्या हातात काय शिल्लक होते, हे पाहिल्यावाचून पुढच्या पिढीस योग्य सल्ला देता येणार नाही. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

आपल्या व्यवसायाचे प्राचीनत्व सांगताना विश्वकर्म्याचे स्मरण आपण करतोच. ऋग्वेदात ऋभु नावाच्या कुशल कारागिरांचा गौरव वारंवार येतो. त्वष्ट्याने घडविलेल्या एका चषकाचे त्यांनी चार चषक केले आणि अश्विनीकुमारांसाठी रथ सिद्ध केला, अशी त्यांची कीर्ती आहे. परंतु श्रद्धेच्या जोडीला डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावाही आपल्यापाशी आहे, आणि तो फार दूर नाही. जळगावहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अजिंठ्याच्या डोंगरात नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची चैत्यगृहे आहेत. पाषाणात खोदलेली असूनही त्यांची घडण लाकडी इमारतीची आहे. दहाव्या लेण्याच्या मधल्या कमानदार छतास एके काळी लाकडी फासळ्या बसविलेल्या होत्या. त्या काळाच्या ओघात नष्ट झाल्या, परंतु त्या बसविण्याच्या खाचा अद्याप दिसतात. लोणावळ्याजवळील कार्ले येथे मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही छताशी टिकून आहेत. त्याच कार्ल्याच्या चैत्यगृहात, दाराचे काम धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या 'वढकी'ने, म्हणजे वर्धकीने केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. वर्धकी म्हणजे सुतार. राजे, श्रेष्ठी आणि भिक्षू यांच्या नावांच्या पंक्तीत एका सुताराचे नाव, त्याच्या पित्याच्या व गावाच्या नावासह, दोन सहस्र वर्षे टिकून राहिले, ही गोष्ट आपल्या मुलांच्या कानावर अवश्य घालावी. पाथरवटाने पाषाणात घडविले ते रूप आधी सुताराने लाकडात सिद्ध केलेले होते.

मध्ययुगातील लाकूडकाम बहुतांशी आगीत, वाळवीत आणि युद्धांत गेले. पेशवाईचे वैभव असलेल्या शनिवारवाड्यातील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. तरी दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातील विश्रामबागवाडा आणि खानदेशाच्या शेजारी चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल यांवरून त्या काळच्या हातांची कल्पना येते. सुरूच्या झाडाप्रमाणे खाली भरदार व वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्या माथ्यावरील केळफुलांचे लोंगर, दोन खांबांना जोडणाऱ्या महिरपी आणि तुळयांच्या कडांवरून धावणाऱ्या वेली, हा त्या काळच्या सुतारकामाचा थाट होता.

खानदेशचे घर याहून साधे, परंतु त्याचा प्राण लाकडातच होता. आपल्याकडील जुनी घरे धाब्याची. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. घर मोजण्याचे मापही सुताराचेच. घर किती हात लांब, असे न विचारता ते किती खणांचे, असे विचारीत, आणि खण म्हणजे दोन खांबांमधील जागा. साग सातपुड्यातून आणि डांगच्या रानातून येई. घरधन्याची ऐपत जशी असेल तशी लाकडावर कोरणी चढे. गरिबाच्या दारी चौकटीवर एक गणेशपट्टी आणि कमळाची दोन फुले असत. सावकाराच्या वाड्यात सज्जाचे घोडे, झरोक्यांच्या जाळ्या, कोरलेले दार आणि त्यावरील पितळी फुल्या असत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला, आणि कापसाबरोबर खानदेशात पैसाही आला. सुरतेकडील व्यापाराचा संबंध जुना असल्याने गुजराती कोरणीचे वळणही आपल्या प्रांतात मिसळले होते. आज अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा, धरणगाव इत्यादी गावांच्या जुन्या पेठांतून हिंडताना क्वचित जी कोरीव चौकट दृष्टीस पडते, तिच्यात मराठी आणि गुजराती अशी दोन्ही वळणे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

या घरांचे काम कसे चाले, हे थोडक्यात नोंदविणे अवश्य आहे, कारण ते पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. प्रथम नक्षी कागदावर काढीत. रेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडून तो खाका लाकडावर ठेवीत आणि त्यावर कोळशाच्या पुडाची पुरचुंडी आपटीत; छिद्रांतून पूड उतरून नक्षी लाकडावर उमटे. मग नक्षीच्या बाहेरचे लाकूड पटाशीने खाली घेत; यास जमीन काढणे म्हणत. जमीन किती सूत खाली घ्यावयाची, यावर सारा उठाव अवलंबून असे. त्यानंतर गोल पटाशीने पाकळीला खोली, पानाला वळण आणि देठाला गोलाई देत. लाकडाचे तंतू ज्या दिशेने धावतात त्या दिशेने हत्यार चालविले तर ते लोण्यातून जावे तसे जाई. उलट चालविले तर चिपळी उडून महिन्याचे काम क्षणात वाया जाई. चौकट उंचावर बसावयाची असेल तर उठाव अधिक, डोळ्यांसमोर बसावयाची असेल तर कमी, हेही मिस्त्री आधीच ठरवी. उन्हाच्या बाजूच्या दाराला बारीक नक्षी नको, कारण तेथे सावलीच नक्षीचे काम करते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नव्हते.

घराइतकाच रथ हाही खानदेशच्या सुताराचा मानबिंदू आहे. अमळनेरास बोरी नदीच्या काठी संत सखाराम महाराजांचे स्थान आहे, आणि वैशाखातील यात्रेत एकादशीस रथ व पौर्णिमेस पालखी निघते. जळगावचा श्रीराम रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. तो कार्तिकी एकादशीस होतो. या अवजड रथांना ना लगाम, ना सुकाणू. गर्दीने दोर ओढावयाचे आणि चाकाखाली लाकडी मोगरी सारून रथ वळवावयाचा व थांबवावयाचा. मोगरी किती तिरपी लावावी, केव्हा लावावी आणि केव्हा काढून घ्यावी, यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. उत्सवाच्या दिवशी लोकांचे लक्ष देवाकडे असते. चाकाच्या आऱ्यांकडे पाहणारा मात्र सुतारच असतो. रथावरची नक्षी ही याच बळकट जोडकामाच्या अंगावर चढविलेला अलंकार होय. जोडकाम कच्चे असेल तर नक्षी रथाला तारू शकत नाही.

एवढी कला होती, तर ती गेली कोठे? येथे इतिहास आपल्या तक्रारीच्या विरुद्ध साक्ष देतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला आणि वाडे बांधणारे सरदार निष्प्रभ झाले. १८७८ च्या वनकायद्याने राने राखीव होत गेली. जो साग रानातून सहज मिळे, तो आता सरकारी वखारीतून दाम मोजून घ्यावा लागला. आगगाडीने लोखंडी तुळई आणि नालीदार पत्रा गावोगाव आणून टाकला. १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्याची रेल्वे अमळनेरास पोहोचली, आणि पुढे प्रतापशेठजींच्या कापडगिरणीने गावाचे रूपच पालटले. गिरण्यांतून सुतारांना काम व रोख पगार मिळाला. पण ते काम दुरुस्तीचे होते, कोरणीचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर सिमेंट आले. सिमेंटच्या छताला खांबाचा माथा नाही आणि तुळईची कडही नाही, तेव्हा नक्षी कोरावी तरी कशावर? मागाहून प्लायवूड आणि सनमायका आले, आणि सपाट, चकचकीत पृष्ठभाग हेच सौंदर्य ठरले. खेड्यात राहिलेल्या बांधवांचे नांगर, वखर, पाभर आणि बैलगाडी हे हक्काचे काम लोखंडी अवजारांनी व ट्रॅक्टरने नेले. म्हणजे कोरीव कामाचे यंत्र खानदेशात येण्यापूर्वी निदान दोन पिढ्या आधीच कोरणी आपल्या पेटीच्या तळाशी गेली होती. यंत्र आले ते रिकाम्या आसनावर येऊन बसले.

आता या यंत्राची वंशावळ पाहू. लाकडास यंत्राने आकार देण्याचा प्रयत्न कालचा नाही. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने १८२० च्या सुमारास बंदुकीचे दस्ते एका नमुन्यावरून हुबेहूब उतरविणारे कातयंत्र सिद्ध केले. इंग्लंडात टॉमस जॉर्डनने १८४५ मध्ये कोरीव कामाच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि लंडनच्या नव्या पार्लमेंट भवनाच्या विपुल लाकूडकामासाठी त्याचा उपयोग झाला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जॉर्डनचे यंत्र ओबडधोबड आकार काढून देई. अखेरचा हात कारागिराचाच असे.

दुसरी शाखा विणकरांची. १८०४ मध्ये फ्रान्सच्या झाकारने छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या साहाय्याने मागावर नक्षी विणण्याची युक्ती काढली. छिद्र म्हणजे आज्ञा, ही कल्पना तेथून रूढ झाली. खाक्याच्या छिद्रांतून कोळसा झाडणाऱ्या आपल्या पूर्वजांस ती फार परकी वाटली नसती. या दोन शाखांचा संगम अमेरिकेत झाला. हेलिकॉप्टरची पाती बनविणाऱ्या जॉन पार्सन्सने १९४९ मध्ये तेथील हवाई दलाचे काम पत्करले, आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाने १९५२ मध्ये आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे पहिले यंत्र चालवून दाखविले. त्याच १९५२ साली अमळनेरास कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. सात समुद्रांपलीकडील त्या यंत्राचा आपल्या रंध्याशी काही संबंध येईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पुढे छिद्रांच्या पट्टीची जागा संगणकाने घेतली. १९४५ मध्ये ज्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रोचा जन्म झाला, तीच कंपनी पुढे संगणकाच्या व्यवसायात जगप्रसिद्ध झाली. तेव्हा संगणक ही वस्तू आपल्या गावाला सर्वस्वी परकी आहे, असे निदान अमळनेरकरांनी तरी म्हणू नये.

हे यंत्र प्रत्यक्षात काय करते? साधारणतः चार फूट रुंद व आठ फूट लांब असा त्याचा पाट असतो. पाटावर फळी घट्ट आवळतात. वरून एक फिरते पाते, ज्यास बिट म्हणतात, उजवी-डावीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी सरकते; मिनिटाला अठरा ते चोवीस हजार फेरे घेते. नक्षी संगणकात फाईलच्या रूपाने असते, आणि तीवरून पात्याने कोठून कोठे, किती खोल व किती वेगाने जावे याच्या आज्ञा तयार होतात. प्रथम जाड बिटाने जमीन काढली जाते, मग गोल टोकाच्या बारीक बिटाने उठाव घडविला जातो. वाचकांच्या लक्षात आले असेल की, क्रम तोच आहे: खाका, जमीन, उठाव.

आता यंत्राच्या मर्यादा पाहा. पाते वरून उतरते. म्हणून पानाच्या पोटाखाली शिरून ते पान जमिनीपासून मोकळे करणे सर्वसाधारण तीन दिशांच्या यंत्रास साधत नाही. पाते गोल फिरते. म्हणून आतला कोपरा पात्याच्या जाडीइतका गोलच राहतो, तो काटकोनी करावयास पटाशीच लागते. पाते ओळीने फिरते. म्हणून उठावावर बारीक रेघा राहतात आणि त्या हाताने घासून काढाव्या लागतात. एमडीएफसारख्या एकजिनसी फळीवर हे सारे झाकले जाते, परंतु सागावर झाकले जात नाही. लाकडाचे तंतू कोठे वळले आहेत, गाठ कोठे आहे, हे यंत्रास कळत नाही. ते फळी निवडणाऱ्यास आणि ती पाटावर मांडणाऱ्यास कळावे लागते. थोडक्यात, यंत्राने आपल्या पूर्वजांचे श्रम घेतले आहेत, त्यांचे ज्ञान घेतलेले नाही. ते ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याच्या हाती यंत्र सोन्यासारखे चालते, आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्या हातून महागडा साग जळणाच्या भावाने जातो.

उलट, या यंत्राने एक उपकारही केला आहे. देव्हारे, दाराच्या फळ्या, झरोक्यासारख्या जाळ्या, पलंगाचे माथे आणि नावाच्या पाट्या यांवर नक्षी असावी, ही हौस मध्यमवर्गीय घरांत पुन्हा जागी झाली. जे ग्राहक तीस-चाळीस वर्षे सुतारापाशी नक्षी मागावयास आले नव्हते, ते पुन्हा येऊ लागले. परंतु ते आले म्हणजे काय मागतात आणि त्यांना काय मिळते, येथे खरा प्रश्न सुरू होतो. यंत्रचालकापाशी विकत घेतलेल्या अथवा फुकट मिळालेल्या सहस्रावधी नक्ष्यांचा साठा असतो. त्यात युरोपची पाने आहेत, चीनचे नाग आहेत. गणपती आहेत तेही कोणत्या प्रांताचे, ते सांगता येत नाही. अमळनेरच्या देव्हाऱ्यावर आणि अन्य कोणत्याही शहरातील देव्हाऱ्यावर आज एकच मोर बसलेला दिसतो. ज्या प्रांतात दर पेठेची चौकट निराळी होती, त्या प्रांताची स्वतःची नक्षी त्या साठ्यात जवळजवळ नाही. कारण ती कोणी त्यात घातलीच नाही.

नक्षी ज्याची, धंदा त्याचा, हा धडा इतिहासाने आपल्या शेजारी, अहमदाबादेस, एकदा दिलेला आहे. १८८१ मध्ये लॉकवुड डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्याने तेथे काष्ठकोरणीचा कारखाना काढला. अहमदाबादच्या जुन्या घरांवरील आणि वास्तूंवरील नक्ष्या तेथील मिस्त्रींनी उतरवून घेतल्या, आणि त्या नक्ष्यांच्या बळावर गुजरातच्या सुतारांचे काम न्यूयॉर्कच्या धनिकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले. मुंबईत सर जे. जे. कलाशाळेत १८९१ मध्ये रे यांच्या नावाने कलाकर्मशाळा निघाल्या, त्यांतही लाकूड-कोरणीस स्थान होते. जेथे नमुने जमविले गेले तेथे कला तग धरून राहिली. खानदेशात तसे कोणी केले नाही.

याच संदर्भात आपल्या प्रांताशी निगडित असलेल्या एका थोर पुरुषाचे स्मरण होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून फिरले, माळ्यांवरची आणि कोनाड्यांतली दफ्तरे त्यांनी मिळविली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड सिद्ध केले. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळ्यास त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी वाड्यातील कागद वाचविले. ज्या वाड्यांत ते कागद होते, त्यांच्या लाकडाची नोंद मात्र राहून गेली. ती करणे हे काम इतिहासकाराहून आपल्या ज्ञातीचे अधिक आहे, कारण ते लाकूड आपणच वाचू शकतो. आणि हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. भाऊबंदांतील वाटणी, रस्त्याचे रुंदीकरण किंवा नवी इमारत यांसाठी दर वर्षी कोठे ना कोठे जुना वाडा उतरविला जातो. कोरीव चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते, तेथून दूरच्या एखाद्या हॉटेलात जाते, आणि तिच्याबरोबर तिचे गावही हरवते.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडीत आहे. पहिली अशी की, प्रत्येक गावच्या दोघा-तिघा तरुणांनी आपल्या गावातील कोरीव चौकटी, खांब, घोडे आणि पट्ट्या यांची नोंद करावी. घरधन्याची अनुमती घ्यावी. कागद ठेवून पेन्सिलीने घासून नक्षीचा ठसा घ्यावा. शेजारी फूटपट्टी ठेवून समोरून व बाजूने छायाचित्र काढावे. जमिनीची खोली सुतात लिहावी. गाव, पेठ आणि लाकूड यांची टीप ठेवावी. दुसरी, संगणक जाणणाऱ्या मुलामुलींनी या ठशांवरून फाईली तयार कराव्या आणि त्या ज्ञातीच्या सामाईक संग्रहात ठेवाव्या. त्यांची एक प्रत धुळ्याच्या संशोधन मंडळासारख्या संस्थेस स्वीकारण्याची विनंती करता येईल. तिसरी, यंत्राच्या मालकीविषयी. यंत्राची किंमत काही लाखांच्या घरात असल्याने ते भांडवलवाल्याचे होते आणि आपला मुलगा त्यावर रोजंदारीने राबतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांपैकी सुतारकाम हा एक आहे. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व पुढे दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज यांची तरतूद केलेली आहे. एकट्यास यंत्र परवडत नसेल तर चौघांनी एकत्र येऊन घ्यावे. सहकाराची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. चौथी सूचना शिक्षणाची. मुलास यंत्र शिकविण्यापूर्वी सहा महिने तरी पटाशी हाती द्यावी. ज्याने सागाचा तंतू बोटांनी ओळखला आहे, त्याने दिलेली आज्ञा यंत्रही अधिक चांगली पाळते.

बंधुभगिनींनो, हत्यारे आपल्या ज्ञातीने नेहमीच बदलली आहेत. दगडी तासणीनंतर लोखंडी वाकस आला, हातकरवतीनंतर विजेची करवत आली, आणि त्या प्रत्येक वेळी सुतार सुतारच राहिला, कारण मापाचा आणि नक्षीचा निर्णय त्याच्यापाशी होता. आज प्रथमच तो निर्णय दुसऱ्याच्या साठ्यातून तयार होऊन आपल्याकडे येत आहे, आणि चिंता करावयाची तर या गोष्टीची करावी. पात्याचे फेरे यंत्राने खुशाल घ्यावेत. सूत कोणी धरावयाचे, हे मात्र सूत्रधाराच्या वंशजांनी ठरवावयाचे आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत खानदेशातील निदान शंभर जुन्या नक्ष्यांची यादी छापता यावी आणि तीत प्रत्येक गावाचे नाव असावे, अशी इच्छा प्रकट करून आणि प्रभू विश्वकर्म्यास वंदन करून हा लेख पुरा करतो.